मे महिन्यातला हीटर

मे महिन्यात, भर दुपारी, कोल्हापुरात गाडीचा हीटर लावणारा माणूस शिकलेला असू शकतो, यावर आमच्या नात्यात आता कुणाचाच विश्वास राहिलेला नाही.

मी शिकलेला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून, पदवी घेऊनच खाली उतरलेला मी पहिला. (चढलेले माझ्या आधी दोघे होते. ते मधूनच उतरले.) निकाल लागला त्याच आठवड्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारावरची पाटी नवी रंगवून घेतली. वर त्यांचं नाव, खाली माझं, आणि माझ्यापुढे 'बी.कॉम.' ही अक्षरं दोघांच्या नावांपेक्षा मोठी! कुरिअरवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं "बीकॉम इथंच राहत्यात का?" असं विचारलं, आणि अण्णांनी छाती पुढे काढून "व्हय, इथंच" म्हणून सही केली. पार्सल शेजारच्यांचं होतं.

आता गाडीविषयी. अण्णा शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झाले आणि आम्ही एक जुनी चारचाकी घेतली. गाडी गुणी होती. फक्त इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा आम्ही घेतली त्या दिवसापासून तळाला झोपून होता. गाडी चालू असो, बंद असो, घाटात असो, काटा झोपलेला. गेल्या उन्हाळ्यात याच काट्याच्या भरवशावर आम्ही पन्हाळ्याला निघालो आणि अर्ध्या चढावर बॉनेटमधून असा धूर निघाला की मागचा टेम्पोवाला गाडी टाकून पळाला. तेव्हापासून आईनं त्या गाडीत बसायचं सोडलं. "मी चालत येतो, पर त्या चुलीवर बसत न्हाय," असं ती म्हणायची.

काटा बदलायचा तर अख्खं मीटर बदलावं लागतं, असं मेकॅनिक म्हणाला. तेव्हा मी माझं शिक्षण वापरायचं ठरवलं.

बाजारात एक रीडर मिळतो. काड्यापेटीएवढी डबी. स्टिअरिंगच्या खाली एक चपटं सॉकेट असतं, त्यात ती खोचायची. मग इंजिनात जे जे चाललंय ते सगळं बिनवायरीनं तुमच्या मोबाईलवर दिसतं. इंजिन किती फेरे मारतंय, बॅटरीत किती जीव आहे, पाणी किती तापलंय, सगळं, आणि तेही चालू गाडीत, त्या क्षणाचं! ॲपमध्ये गोल गोल डायल होते, हिरवे-निळे. मी त्यातला ताप दाखवणारा डायल सगळ्यांत मोठा करून घेतला आणि आकडा एकशेपाचच्या वर गेला की ओरडायचं, असं त्याला सांगून ठेवलं. ओरडायला त्यात एक बाई होती. इंग्रजी बोलायची.

पहिले काही दिवस मी संध्याकाळी कामावरून आलो की पार्किंगमध्ये गाडी चालू करून आत बसायचो आणि आकडे बघायचो. राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचा भलताच अर्थ निघाला. दुसऱ्या मजल्यावरचे काका काचेवर टकटक करून हळूच म्हणाले, "घरात काय वाजलंय का? जेवायचं असलं तर आमच्यात ये."

आई तर वैतागलीच. "पोरगी बघायला चल म्हटलं तर ह्येला टाईम न्हाय. आणि गाडीत बसून काय बघतोय? तर पाणी तापल्यालं! अरं, बंबावर बस की मग!"

पण मी तिला मोबाईल दाखवला. "हे बघ, नव्वद. नव्वद म्हणजे तब्येत एकदम ठणठणीत. शंभर झालं की लक्ष ठेवायचं. एकशेपाचच्या वर गेलं की धोका."

आईला हे लगेच पटलं. तापाचा हिशेब तिला कॉलेजात जाऊन शिकावा लागलेला नाही. मग ती रोज विचारायला लागली, "आज किती हाय?"

"एक्क्याण्णव."

"काल नव्वद हुता न्हवं? काल ह्यांनी तिला गारगोटीस्तवर पळवली, त्येनं आला असंल."

आठ-दहा दिवसांत आई परत गाडीत बसायला लागली. मला एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! ज्या माऊलीला धुरानं पळवलं होतं तिला विज्ञानानं परत आणलं होतं.

आणि मग आत्या आली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. राधानगरीच्या पुढे तिचं गाव. दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे येते ती वर्षाची चटणी करायला. इथल्याच बाजारातून स्वतः निवडून संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेते, आमच्या गच्चीवर वाळवते, मसाला भाजते आणि आमच्याच गल्लीतल्या डंकावर कांडून घेते. दुसऱ्या कुठल्या डंकाची चटणी तिला गिळत नाही. कांदा-लसूण मात्र इथं घालू देत नाही. तो घरी जाऊन स्वतःच्या हातानं घालणार. त्यामुळे इथून निघते ती कोरडी, पिठासारखी मऊ, लालभडक चटणी. आणि ही चटणी म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हे. राधानगरीकडे एकदा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत मिरची वाळवायचं नाव काढायला नको. पावसाच्या आत चटणी घरात पडली तर वर्ष निभावलं. नाही पडली तर वर्षभर दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं. आत्या आजवर कुणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहिलेली नाही. उलट अर्धं गाव तिच्या दारात असतं.

माझ्यावर तिचा जीव. गावात माझी ओळख "आमच्या नाम्याचा शिकल्याला" अशीच करून देते. (नाम्या म्हणजे अण्णा.) गाईचा विमा, नातवाचा दाखला, विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल, काहीही अडलं की तिचा फोन येतो, "आमुल, तू शिकल्याला हाईस, तू सांग." मग मी, माहीत असो वा नसो, सांगतो.

तर त्या रविवारी सकाळी चटणी कांडून आली. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, शिगोशीग. हात लावला तर गरम. डंकावरून आलेली चटणी तासन्‌तास गरम असते आणि ती गार होईपर्यंत तिच्यावर झाकण घालायचं नाही, नाहीतर आत घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. म्हणून आत्यानं वरून नुसता जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला.

"डिकीत ठेवतो," मी म्हणालो.

"डिकीत? तितं त्येलाचा वास असतोय. माझी चटणी म्हंजे काय स्टेपनी हाय?"

मागच्या सीटवर आई आणि आत्या, शिवाय आत्याच्या चार पिशव्या. शेवटी पातेलं पुढे, माझ्या दोन पायांच्या मध्ये बसलं. गाडी अण्णा चालवणार. (रस्त्यावर स्टिअरिंगला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.) मी शेजारी, हातात मोबाईल. आत्यानं एकच अट घातली. "काचा उघडायच्या न्हाईत. वाऱ्यानं उडंल."

"एसी आहे की, आत्या."

"मग झालं. आणि ही चुलीगत पेटती म्हणं तुजी गाडी?"

"ते मागं. आता मी इंजिन लाईव्ह बघतो. जरा काय झालं की आपल्याला आधी कळतं."

आत्यानं आईकडे बघितलं. नजरेत कौतुक मावत नव्हतं. "शालन, शिकल्याचा फायदा हाय बघ."

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी सकाळीच ॲपनं मला 'अपडेट करू का?' असं विचारलं होतं. मी 'कर' म्हणालो होतो. शिकलेल्या माणसाला 'अपडेट नको' म्हणता येत नाही.

गाडी अजून चालूही केली नव्हती, अण्णांनी नुसती किल्ली फिरवली होती, तर डायलवर सत्त्याण्णव.

"आरं, आजून इंजिन बी सुरू न्हाई!" आई मागून डोकावली.

"उन्हात उभी होती," मी म्हणालो. बाराचं ऊन होतं. पटण्यासारखंच होतं.

अण्णांनी गाडी गल्लीतून बाहेर काढली, कोपऱ्यावरच्या क्लासपर्यंत पोचलो नाही तोच मोबाईलमधली बाई ओरडली, "वॉर्निंग! इंजिन टेम्परेचर हाय!"

"काय म्हणाली ती?" आत्या.

"ताप चढलाय म्हणाली," आई. तिला आता सवय झाली होती.

एकशेसात. एकशेबारा. एकशेवीस! बाई श्वास न घेता ओरडायला लागली. मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, एसी बंद करा. इंजिनावर लोड येतोय."

एसी बंद. काचा बंद. बाहेर मे महिना. रंकाळ्याच्या बाजूनं निघेपर्यंत आम्ही चौघंही उकडलेल्या अंड्यासारखे झालो होतो आणि आकडा एकशेपन्नासवर होता.

"दीडशे झालं!" आई किंचाळली. "अवो, दीडशे! माणूस असता तर पेटला असता!"

अण्णा शांत होते. सबंध आयुष्य फौंड्रीत काढलेला माणूस. ते म्हणाले, "दीडशे? आमच्यात दीडशेला च्या बी उकळत न्हवता. हजारावर गेली की सांग मला."

"हजार? अण्णा, हे लोखंड वितळवायचं नाही, यातनं राधानगरीला जायचंय!"

"मग थांबूया का?"

शहराबाहेर पडल्यावर थांबलो. अण्णांनी बॉनेट उघडलं. धूर नाही, वाफ नाही, वास नाही. अण्णांनी लांबूनच हात धरला. "गरम हाय."

"इंजिन गरमच असणार की," मी.

"मग ती बाई बोंबलती कशाला?"

"जास्त गरम हाय म्हणून."

"किती जास्त?"

"एकशेऐंशी."

"आणि किती पायजे?"

"नव्वद."

अण्णांनी बराच वेळ इंजिनाकडे बघितलं. मग मान हलवली. "डबल ताप हाय. आणि तोंडावर काय बी दाखवत न्हाय. आक्कावर गेलीय गाडी."

"मला आत आयकू येतंय, नाम्या!" आतून आत्या.

परत फिरायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण आभाळात लांबवर, राधानगरीच्या अंगाला, ढगांची काळी पट्टी दिसत होती. आत्या काचेतून तिकडेच बघत होती. म्हणाली, "तिकडं पाऊस एकडाव लागला की दोन-दोन दिस उघडत न्हाय. आज चटणी घरात पडाय पायजे, आमुल. तू हाईस म्हणून मला काळजी न्हाय."

झालं! आता मागे कसा फिरू?

अण्णा सायकलच्या वेगानं गाडी चालवायला लागले. वेग कमी तर ताप कमी, असा माझाच सल्ला. एक गवताचा भारा लादलेली मोपेड आम्हाला मागे टाकून गेली. भाऱ्यावर एक शेरडू बसलं होतं, तेही वळून आमच्याकडे बघत होतं. आकडा मात्र एकशेनव्वदला जाऊन बसला, तिथून एकशेपंच्याण्णव, आणि भोगावतीच्या अलीकडे आल्यावर दोनशे.

"डबल सेंच्युरी!" अण्णा.

"अवो, गप बसा की! पोरगं घामाघूम झालंय!"

खरंच झालो होतो. बाई ओरडतीये, आई देवाचं नाव घेतीये, आत्या विश्वासानं माझ्या डोक्यामागे बघतीये, आणि पायात गरम चटणी. त्या क्षणी मला एक व्हिडिओ आठवला. इंजिन फार तापलं आणि थांबता येत नसेल तर गाडीचा हीटर पूर्ण लावायचा. हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे इंजिन गार होतं. हे शंभर टक्के खरं आहे. कुणालाही विचारा!

"अण्णा, हीटर लावतो."

अण्णांनी पहिल्यांदाच रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "अम्या, मे महिना हाय."

"उष्णता इंजिनातनं काढून आत घ्यायची. शास्त्र आहे त्यात."

"आत आपण हाय न्हवं?" आई.

"आई, पाच मिनिटं सोस. इंजिन वाचंल."

"करू दे त्येला," आत्यानं निकाल दिला. "शिकल्याला हाय."

मी हीटरची खुंटी लाल बाजूला पार शेवटपर्यंत फिरवली. पंखा चारवर केला. पुढे आणखी आकडा नव्हता म्हणून चारवर थांबलो.

आता वाचकहो, गाडीचा हीटर वारा कुठं सोडतो? थंडीत पाय गारठतात म्हणून गाडी बनवणाऱ्या शहाण्या माणसांनी तो पायाकडे सोडायची सोय केलेली असते. पायाकडे! माझ्या पायाकडे काय होतं?

आधी लुगड्याचा तुकडा उठला. नुसता उठला नाही, फुगला, तंबू ठोकावा तसा ताठ उभा राहिला. मला खाली बघून "अरेच्चा" म्हणण्यापुरताच वेळ मिळाला. मग 'फस्स' असा आवाज झाला आणि गाडीत लाल उजाडलं.

त्यानंतर मला काही दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं. अण्णांची शिंक आली. ती फौंड्रीतली शिंक, पूर्ण गाडी हलली. आईची लहान लहान, एकामागून एक, शिवणयंत्रासारखी. मोबाईलमधली बाई "वॉर्निंग! वॉर्निंग!" करत होतीच, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं म्हणणं बरोबर होतं! अण्णांनी मात्र, कमाल त्या माणसाची, डोळे मिटायच्या आधी गाडी कडेला घेऊन उभी केली.

"बंद कर! आधी ती भट्टी बंद कर!" आत्या ओरडत होती.

मी डोळे मिटून खुंटी शोधत होतो. एक दांडी सापडली, ती ओढली. वायपर चालू झाला. दुसरी दाबली. काचेवर पाणी उडालं, बाहेरून. (आत उडालं असतं तर फार बरं झालं असतं.) तिसऱ्यांदा हॉर्न वाजला. शेवटी अण्णांनी किल्लीच काढून घेतली.

आम्ही तिघं दारं उघडून बाहेर पडलो. आत्या उतरली नाही. ती मागच्या सीटवरून पुढे वाकली होती आणि पदर पसरून पातेल्यावर आडवी पडली होती. "माझी चटणी उघड्यावर टाकून मी कुटं बी जायाची न्हाय!" आणि मग पंधरा-वीस शिंका. पण जागची हलली नाही!

समोरच उसाच्या रसाचा गाडा होता. सात-आठ माणसं रस पीत बसलेली. त्यांना दुपारच्या उन्हात काय दिसलं असेल ते बघा. एक गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवायला लागली. दारं उघडली. आतून डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेली माणसं हात वर करून बाहेर पडली.

आमच्या जिल्ह्यात बारा महिने कुठली ना कुठली निवडणूक असते. दूध संस्था, सोसायटी, पतसंस्था, कारखाना. त्यामुळे लाल माणूस दिसला की तो गुलाल लागलेला, म्हणजे निवडून आलेला आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"आला रं आला!" गाड्यावरून कुणीतरी आरोळी ठोकली. पांढऱ्या शर्टातला एक धिप्पाड गडी रसाचा ग्लास टाकून पळत आला आणि त्यानं अण्णांना कडकडून मिठी मारली. "अभिनंदन, पावणं! किती मतानं?"

अण्णा म्हणाले, "आच्छी!"

"किती?"

"लांब व्हा, पावणं, चटणी हाय!" मी ओरडलो. पण उशीर झाला होता. त्यानं अण्णांच्या खांद्यावरून डोकं वर काढलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. (माझे डोळे मिटलेले होते. चेहऱ्याचं नंतर आईनं सांगितलं.) मग तो शिंकला. मग त्याला सोडवायला आलेला शिंकला. दोन मिनिटांत अख्खा रसाचा गाडा शिंकत होता, घुंगरांसकट!

"पाण्यानं जायाचं न्हाय त्ये," एक दूधवाला गाडी लावून म्हणाला. "दूध लावा, दूध." त्यानं किटलीचं झाकण काढलं आणि अण्णांच्या डोक्यावरच ओतायला सुरुवात केली. तेवढ्यात तिकडून दोन मोटारसायकली आल्या. त्यांनी लाल माणूस बघितला, त्याच्यावर दुधाचा अभिषेक चाललेला बघितला, भोवती गर्दी बघितली, आणि त्यांची खात्रीच पटली. "अण्णांचा विजय असो!" असं ओरडून ते निघून गेले. अण्णा हे नाव त्यांना कसं कळलं, देव जाणे. आमच्याकडे निम्मे पुढारी अण्णाच असतात.

आणि अण्णांनी, डोळे मिटलेले, नाकातून पाणी गळतंय, अशाही अवस्थेत हात जोडले! मी विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "एवढी माणसं प्रेमानं आल्यात, न्हाय कसं म्हणायचं?"

डोळे जरा उघडल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाईल पुसला. मला अजून इंजिनाचीच काळजी होती! किल्ली परत फिरवून बघितलं. आकडा एकशेपंच्याऐंशी. आणि शर्टाच्या आतल्या बाजूनं स्क्रीन घासून पुसता पुसता त्या आकड्याच्या डोक्यावर, कोपऱ्यात, तिळाएवढं एक अक्षर दिसलं. एफ.

मी सेटिंग उघडलं. सकाळच्या अपडेटनं सगळं पहिल्यासारखं, म्हणजे कारखान्यातून आलं तसं करून ठेवलं होतं. सेल्सियसचं फॅरनहाइट. माझा एकशेपाच मात्र त्यानं इमानेइतबारे तसाच जपला होता. मी तिथंच मोबाईलवर दोनशेचं सेल्सियस करून बघितलं. त्र्याण्णव.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे गाडीला काही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे. मापच दुसरं होतं."

"आरं, मग एसी का बंद केलास?"

मी मोबाईल शर्टाला परत पुसला.

"सायकलीगत का चालवाय लावलीस?"

"आणि हीटर?" हे आई. तिच्या केसातून अजून चटणी गळत होती.

मी आत्याकडे बघितलं. ती आता सरळ बसली होती. पातेलं तिनं मांडीवर घेतलं होतं आणि पदर बाजूला करून आत बघत होती. निम्मी होती. उरलेली निम्मी गाडीच्या छताला, सीटला, आमच्या कानात आणि भोगावतीच्या मतदारांत वाटली गेली होती. मला वाटलं, आता माझं शिक्षण संपलं. आता गाईचा विमा दुसऱ्या कुणाला तरी विचारणार ही.

"आत्या, चुकलं माझं."

ती पातेल्यात बघतच म्हणाली, "गाडी बरी हाय न्हवं?"

"हाय."

"मग पुसून घे, आणि चल. त्या बाईचं तोंड तेवडं बंद कर."

गावात पोचलो तर तिथं आमच्या आधी बातमी पोचली होती, कुणीतरी निवडून आलंय म्हणून. दारात माणसं. आम्हाला बघून एकजण म्हणाला, "आत्या, ह्ये काय झालं?" आणि ती माऊली, डोळे टोमॅटोसारखे सुजलेले, ताठ मानेनं काय म्हणाली? "गाडीला ताप आलता. आमच्या शिकल्याल्यानं उतरिवला." वर्षाची निम्मी चटणी गेलेली बाई! मला त्या अंगणात जागच्या जागी जमिनीत शिरावंसं वाटलं. तिथंच मी शब्द दिला, पाऊस लागायच्या आत गेली तेवढी चटणी करून आणून देईन.

दिला खरा. पुढचा आठवडा मी काय केलं ते माझ्या कामावर कुणाला माहीत नाही. रजा टाकली. संकेश्वरी आणि ब्याडगी आणली. देठं खुडून खुडून बोटांची अशी आग व्हायची की रात्री हात ताकात बुडवून बसायचो. दिवसा गच्चीवर मिरच्या वाळत टाकायच्या, आणि ढग आला की गोळा करून खाली, ढग गेला की परत वर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आता जेवायला बोलवायचं बंद केलं होतं. डंकावर बायकांच्या रांगेत मी एकटा पुरुष. "कुणाची चटणी?" "आत्याची." "आणि आत्या कुटं हाय?" "गावाकडं." बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मला पुढे सोडायच्या. दयेनंच.

चटणी आली. पिठासारखी, लालभडक, गरम. तेवढ्यात आत्याही आली, सकाळच्या एसटीनं, स्वतः न्यायला. कुणाच्याही गाडीत ही चटणी चढणार नाही, एवढंच तिनं सांगितलं. (तशीही आमच्या गाडीत त्यानंतर कुणी बसत नव्हतं. एसी लावला की आजही मागच्या सीटवरून शिंक येते.) तिनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "जमलीय." पदवीच्या दिवशी मला एवढा आनंद झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

मी पातेलं धरून तिच्याबरोबर एसटीत चढलो. आभाळ भरून आलं होतं पण पडत नव्हतं. आत्या खिडकीजवळ, मी शेजारी, पातेलं दोघांच्या मांडीवर. कंडक्टर आला.

"आजी, बायकांना अर्धं. तुमचं अर्धं, आणि पावण्यांचं पूर्ण. न्हवं?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. केसापासून चपलेपर्यंत, सावकाश, मिरची निवडावी तसं. मग ती कंडक्टरला म्हणाली, "ह्येचं बी अर्धंच द्या. उंचीनं पुरा झालाय, बाकीचं यायचं हाय आजून."

आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तो आम्ही उतरेपर्यंत तिथंच होता.

गाडीतली सगळी माणसं हसली, त्याचं मला काही वाटलं नाही. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. त्या कंडक्टरनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि खरं सांगतो, त्याचं बोट मशीनवर अर्ध्या तिकिटाच्या बटणापर्यंत गेलं होतं!